विश्रामच्या आजोबांची जागा

आमची पलटण ईशान्येकडच्या डोंगरात गेली तेव्हा मी नाईक होतो आणि विश्राम हवालदार होता. या वाक्याचा दुसरा भाग मला आजही बोचतो. राजापूरच्या वरच्या अंगाला एकाच वाडीत आम्ही जन्मलो, एकाच भावकीतले, एकाच दिवशी भरती झालो. धावण्यात मी पुढे होतो. बढतीत तो.

सैनिक कायम शत्रूचा विचार करत असतो, असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळ तो शेजारच्या खाटेवरच्याला काय मिळालं याचा विचार करतो.

तरी विश्रामच्या फितीपेक्षा मला जास्त हेवा वाटायचा तो त्याच्या आजोबांचा. दुसऱ्या महायुद्धात आमच्या वाडीतून दोघे गेले होते. त्याचे आजोबा लक्ष्मण आणि माझे आजोबा गोविंद. दोघे एकाच कंपनीत, ईशान्येच्या याच डोंगरात, जपान्यांच्या वेढ्यात. लक्ष्मण परतले नाहीत. माझे आजोबा परतले आणि तिथेच चुकले. न परतलेला माणूस दरवर्षी थोडा उंच होतो. परतलेला खोकतो, विड्या मागतो, सुनेशी भांडतो. वाडीत लक्ष्मणचं नाव निघालं की लोक गप्प व्हायचे. माझ्या आजोबांचं नाव निघालं की हसायचे.

आमच्या घराला मान एकच होता. युद्ध संपल्यावर आजोबा घरी आले ते आधी लक्ष्मणच्या बायकोकडे गेले आणि म्हणाले, "वैनी, मी माझ्या हातानं अग्नी दिला." लक्ष्मण शेवटच्या रजेवरून निघाले तेव्हा ती गरोदर होती. झालेलं मूल जगावं म्हणून त्याचं नाव भिकाजी ठेवलं. हे भिकाकाका म्हणजे विश्रामचे वडील. तेव्हापासून पितृपक्षात त्यांच्या घरी म्हाळ घातला की पहिलं पान आमच्या घरच्या माणसाचं. आधी आजोबा बसले, मग वडील, मग मी. रजा जुळली की हवालदार विश्राम मला वाढायचा. मी भात दोनदा मागायचो.

पोस्टिंगच्या गावी, छावणीच्या खालीच, महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी होती. गवत कापलेलं, दगड एका रांगेत. आमच्या परेडपेक्षा रांग सरळ. भिकाकाकांना हे कळल्यावर त्यांचा फोन आला. त्यांच्या हृदयाचं दुखणं तेव्हा वाढलेलं होतं.

"विश्राम, आता तितंच हायस तर बघ. बापाचं तोंड नाय बगितलं मी. जागा तरी कळूं दे. माज्याकडं काय लय दिवस नायत."

तिथे दोन याद्या होत्या. कबरींची एक. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला त्यांची दुसरी. त्यांची नावं एका भिंतीवर कोरलेली होती. आम्ही अर्थातच भिंतीकडे गेलो. भिंतीवर आमच्या भागातले तीन लक्ष्मण निघाले. कुठला आपला हे ठरवायला वडिलांचं नाव हवं होतं, आणि लक्ष्मणच्या वडिलांना अख्खी वाडी 'दादू' म्हणायची. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

विश्राम रजेवर गेला तो घरी जाण्याआधी त्र्यंबकेश्वरला उतरला. तिथल्या आमच्या क्षेत्रोपाध्यायांकडे भावकीची वंशावळ आहे. गुरुजींनी सात पिढ्या वाचून दाखवल्या. मूळ पुरुष घाटावरून उतरलेला. दादूचं नाव राघोजी. त्याच वंशावळीत असंही निघालं की विश्रामचं घराणं थोरल्या भावाचं आणि आमचं धाकट्याचं. हे मी विचारलं नव्हतं. विश्रामने परत आल्यावर सर्वांत आधी तेच सांगितलं.

"म्हणजे तुक्या, तू मला दादा म्हणायला पायजेस."

"आधी आजोबा शोध. मग बघू."

भिंतीवरच्या तिन्ही लक्ष्मणांपैकी एकाचेही वडील राघोजी नव्हते. विश्राम दर रविवारी जायचा आणि तीच नावं बोट फिरवून पुन्हा वाचायचा, जणू मधल्या आठवड्यात कुणी नवीन नाव कोरलं असेल. मी बरोबर जायचो. नाव सापडत नाही म्हणून मी हळहळ दाखवायचो. आतून बरं वाटायचं. लक्ष्मणचा शेवटचा पुरावा म्हणजे माझ्या आजोबांचा शब्द, आणि तो आमच्या घरात होता.

त्यानंतर ती पेट्रोल, म्हणजे गस्त, आली.

आम्ही अकरा जण होतो, विश्राम कमांडर. पहाटे निघालो. डोंगराच्या धारेखाली समोरच्या जंगलातून फायर आला. पहिल्याच बर्स्टमध्ये शिपाई मंगेश पडला. हेदवीचा पोरगा, गुहागर तालुक्यातला, एकुलता एक. सुट्टीवरून येताना सगळ्या सेक्शनसाठी सुपारी आणायचा. मी त्याला खडकामागे ओढला. तोवर संपलं होतं.

विश्रामने वायरलेस सेट हातात घेतला.

"टायगर फॉर टायगर वन. कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी, फेटल. ओव्हर."

"टायगर वन, होल्ड करो. रिलीफ कॉलम निकल रहा है. मौसम खराब है, टाइम लगेगा. नो मूव्हमेंट, नो स्मोक. ओव्हर."

"रॉजर. आउट."

पाऊस सुरू झाला. खडकाच्या आडोशाला आम्ही दिवसभर पडून होतो. दुपारी एका जवानाने कुडकुडत चहासाठी इंधनाची वडी पेटवली. विश्रामने ती बुटाने चिखलात दाबली.

"धूर दिसला की मॉर्टर येईल. अक्कल हाय का?"

मंगेश माझ्या शेजारी पावसाळी पाँचोखाली होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि डोक्यात भलताच हिशेब चालू होता. एका माणसाला जाळायला किती लाकूड लागतं, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ओल्या लाकडाचा धूर किती वेळ आणि किती उंच जातो, हेही नाही. याच डोंगरात, याच पावसात, चारी बाजूंनी वेढा पडलेला असताना, माझ्या आजोबांनी चिता पेटवली होती म्हणे. अख्ख्या कंपनीने ती पेटवू दिली होती म्हणे. एवढीशी वडी पेटवू न देणारा हवालदार त्या काळातही असणारच.

आजोबांनी अग्नी दिला नव्हता. देणं शक्य नव्हतं; मातीच दिली असणार.

हे मला तिथेच कळलं, आणि पुढचंही कळलं. मी बोललो तर विश्रामला आजोबा मिळतील आणि माझे आजोबा खोटे ठरतील. त्याच्याकडे फीत होती, थोरलं घराणं होतं, वीर पूर्वज होता. आता कबरही त्याचीच. माझ्याकडे केळीचं एक पान होतं.

अंधार पडायच्या आत मदतीचा रिलीफ कॉलम पोहोचला. मंगेशला खाली आणलं. स्ट्रेचर गाडीत चढवताना विश्राम म्हणाला, "ह्याच्या आईला निदान जागा तरी कळंल."

मग मला गप्प राहणं जमलं नाही.

"विश्राम, भिंतीवर बघू नकोस. कबरींच्या यादीत बघ."

"कबरीत? आपली मान्सं कशी असतील कबरीत?"

"आज सकाळी आपण मंगेशला जाळू शकलो असतो?"

त्याने स्ट्रेचरचा पट्टा आवळला. मग म्हणाला, "तुझ्या आज्यानं फसवलान रे आमाला." पुढे म्हणाला, "तो सांगून गेला त्या दिवशी माझी आजी जेवली म्हणं. बातमी आल्यापास्नं नीट जेवली नव्हती."

मंगेशला घेऊन मी हेदवीला गेलो. एस्कॉर्ट मीच होतो. परतल्यावर पहिल्या रविवारी आम्ही कबरींची यादी उघडली. लक्ष्मण, वडील राघोजी, आमचं गाव, तालुका राजापूर. ज्या भागात बहुतेक मुसलमान शिपाई होते त्या भागात, दोघांच्या मधोमध. आम्ही शेजारच्या वाटेवरून अनेकदा गेलो होतो. त्या बाजूला मान वळवायचं आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. विश्राम गुडघ्यावर बसला आणि त्याने दगड हाताने पुसला. दगड स्वच्छच होता. मी जरा लांब उभा राहिलो. इतका हेवा मला कुणाचा कधी वाटला नव्हता, आणि हेवा करण्यासारखं काय होतं? बावीस वर्षांचा एक मुलगा आणि दोन हात माती.

भिकाकाकांना फोन मी केला. आजोबा माझे होते, बोलणं मलाच भाग होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हंजे साठ वर्षं पयलं पान तुमी फुकट खाल्लात."

"होय काका."

"आता दुसरं घालीन. बंद नाय करनार. तुज्या आज्यानं माती दिलान, ती काय कमी हाय?"

भिकाकाका आगगाडीने आले, मातीला हात लावला, पुढे दोन वर्षं जगले. आमचं पान आता दुसरं असतं. वाढतात तेवढंच.

आता विश्राम निवृत्त होऊन ऑनररी कॅप्टन आहे, मी सुभेदार. वाडीच्या तोंडाशी लक्ष्मणच्या नावाची कमान उभी राहिली. उद्घाटनाला पाहुणे दोन तास उशिरा आले. फ्लेक्सवर पाहुण्यांचा फोटो दरवाजाएवढा होता आणि लक्ष्मणचा नव्हताच, कारण फोटो कुणी काढलाच नव्हता. भाषणात पाहुण्यांनी लक्ष्मणना पाकिस्तानच्या सीमेवर पाठवलं. विश्राम नारळ हातात धरून ताठ उभा होता. त्याचा हेवा वाटला नाही, असा तेवढाच एक दिवस.

त्या महिन्यात मी हेदवीला गेलो. वर्षातून एकदा जातो. मंगेशचे वडील आता नव्हते; आई ओटीवर सुपारी सोलत बसली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी कबरीची सगळी हकीकत सांगितली. तिला बरं वाटेल असा माझा अंदाज होता. तिचा हात थांबला.

"त्या बाईच्या पोटात पोर होतं," ती म्हणाली. "म्हणून साठ वर्षांनी कोणी शोधायला तरी गेलं. माझ्या मंगेशला कोण शोधील?"

"काकी, त्याची जागा सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळे म्हणजे कोण? मी, नि तुम्ही. आपण गेलो की?"

तिने पुढची सुपारी उचलली आणि आत कामाच्या मुलीला हाक मारून मला चहा सांगितला.

तर पुढे कधी कुणी शोधायला आलं तर म्हणून लिहून ठेवतो. शिपाई मंगेश, वडील यशवंत, गाव हेदवी, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. वय तेवीस, लग्न झालेलं नव्हतं. धारेखालच्या पहिल्या फायरमध्ये पडला. अग्नी गावच्या किनाऱ्यावर, वडिलांच्या हातून. राख तिथल्याच समुद्रात. हे ऐकीव नाही. चिता विझेपर्यंत मी तिथे उभा होतो.