दळणाऱ्या बाईच्या पायाची बोटं

न्यूयॉर्कहून निघालेल्या बसमध्ये बेसनाची पिशवी मांडीवर घेऊन बसावे लागले. स्टेट कॉलेज नावाच्या त्या विद्यापीठाच्या गावी भारतीय सामानाचे दुकान नाही, म्हणून माझ्या बहिणीची मुलगी वसुधा हिने फोनवर ते मागवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत एका वळणावर पिशवी फुटली आणि साडी पिवळी झाली. ऑक्टोबर होता, बाहेरची झाडेही त्याच रंगाची होती.

वसुधा इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते. प्राचीन इजिप्तमधल्या थडग्यांच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला तिने हाताने रंगवल्या होत्या. सूत कातणाऱ्या, पीठ चाळणाऱ्या, टोपल्या वाहणाऱ्या बायका. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचे उद्घाटन होते आणि भाषण तिचे होते.

"मावशी, ही बघ," ती म्हणाली. चित्रातली बाई गुडघे टेकून, उतरत्या दगडावर धान्य रगडत होती. "पायाची बोटं कशी मुडपलीत बघ. कुणीतरी तिच्या मागे उभं राहून नीट बघितलंय. उद्या मला एवढंच सांगायचंय."

उद्घाटनाला मी पुढच्या रांगेत बसले. भाषणाला उभा राहिला तो तिचा सहकारी मिलिंद. या स्त्रियांच्या श्रमांची इतिहासाने दखल घेतली नाही, असे तो म्हणाला. टाळ्या झाल्या. शेजारच्या दारातून तळणाचा वास येत होता.

मी आत गेले. वसुधा कढईपाशी उभी होती.

"तू इथे काय करतेस?"

"रिसेप्शन आहे ना, भाषणानंतरचा फराळ. मिलिंद म्हणाला, यार, तू वडे कंटिन्यू कर, स्पीच मी मॅनेज करतो. टॉपिक सेमच आहे म्हणे."

तेवढ्यात एक वृद्ध अमेरिकन बाई डोकावल्या. वासाची तारीफ करून त्यांनी विचारले, "तुम्ही केटररकडच्या का?"

"नाही," वसुधा म्हणाली. "बाहेरची चित्रं माझी आहेत."

तिने शेगडी बंद केली.

"अगं, अर्धेच झालेत!" मागून आलेला मिलिंद म्हणाला. "लोक वेट करतायत."

"झारा तिथे आहे."

ॲप्रनसकट ती दळणाऱ्या बाईच्या चित्रापाशी जाऊन उभी राहिली आणि बोलू लागली. माइक काढून नेला होता, बहुतेक लोक फराळाच्या टेबलाकडे वळले होते. त्या वृद्ध बाई मात्र गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि बोटे पाहू लागल्या.

कॅम्पसच्या दैनिकात मिलिंदचे भाषण आले, वड्यांचे कौतुक आले. चित्रे कोणी रंगवली, ते आले नाही. मी पुण्यात एका दैनिकाची संपादक आहे; माझ्या वार्ताहराने अशी बातमी आणली असती, तर मी ती त्याच्या टेबलावर परत टाकली असती.

पुण्याला पोहोचले त्या संध्याकाळी बहीण भेटायला आली. पहिला प्रश्न तिने विचारला तो असा : "वसूचे वडे जमले होते का गं?"

मी तिला खाली बसवले, गुडघे टेकायला लावले आणि म्हणाले, "आता पायाची बोटं मुडप. तुझ्या मुलीने काय पाहिलं, ते सांगते."