पडद्यावरचा हौद

रंगात घालायचा सरस शिजवल्याचा वास आला की वडशातलं ते अंगण आठवतं. बाबा झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. एकदा कॅलेंडरवर बघून त्यांनी स्पेनमधल्या मूर सुलतानांचा महाल काढला. नाजूक कमानी, मधे चौक, चौकात हौद आणि हौदात उलटा पडलेला अख्खा महाल. नाटक कंपनीच्या मालकानं एका नटाला पडद्यापुढं उभं केलं आणि स्वतःच हसत सुटला. “राजा का पान्यात उभा राहून बोलन? बुजव तो हौद.” “पान्यानंच तर महाल हाय, भाऊ,” बाबा म्हणाले. मग त्यांनीच गेरू कालवला आणि दुपारभर बसून हौदाची फरशी केली. नाटक गाजलं. परवा मोबाइलवर त्या महालाचा फोटो दिसला, हौद काठोकाठ भरलेला. मी धावत जाऊन बाबांपुढं धरला. डोळे बारीक करून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “पन राजा कुठी उभा राहीन इथी?”