न खोडता येणारा चहा

३ मार्चला शीतगृहातल्या यंत्रांवर आम्ही १,८४,६०० रुपये खर्च केले. एका यंत्राने मोजलेलं तापमान ब्लॉकचेनमुळे सगळ्या यंत्रांत नोंदलं जातं, त्यामुळे मागाहून कुणालाच बदलता येत नाही. लसींची खोली सांभाळणाऱ्या मामांनी यंत्र जागं आहे का बघायला त्याला गरम चहाचा पेला टेकवला. आकडा भडकला. लसी तापल्या समजून घेणाऱ्यांनी परत पाठवल्या तर नोकरी जाणार, म्हणून मामा येरझाऱ्या घालू लागले.

"ताई, तेवढा एक आकडा खोडा की!"

"मामा, एका यंत्राचं तोंड दाबलं तर बाकीची बोंबलतील," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "खाली खरं कारण जोडा."

मामांनी जोडलं, 'चहा माझा होता.' खोलीतल्या इतर यंत्रांनी स्वतः मोजलेले आकडे थंडच होते. माल स्वीकारला गेला, तरी मामा दिवसभर टेकले नाहीत.

मामांच्या त्या चहाचे दहा रुपये चहावाल्याला अजून द्यायचे आहेत.