दसऱ्याला पुजलेलं मशीन

सत्यवान आमच्या मालवणच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर आणि वायरी सांभाळतो. कंत्राटी माणूस, पण प्रिंटर बिघडला तरी याला जेवण जात नाही. मी मारियान, तिथलीच नर्स. वीस वर्षं सगळ्यांवर ओरडतेय, त्याच्यावर जरा जास्तच.

नेटवर्कचे नवे स्विच त्यानेच बसवले. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाला नंबर असतो. तो यादीत सापडला की स्विच मशीनला आपोआप त्याच्या कप्प्यात नेतो. नाही सापडला तर पाहुण्यांच्या कप्प्यात, जिथून आमच्या सर्व्हरपर्यंत काही म्हणजे काही पोचत नाही. यादी मात्र मुंबईच्या मुख्य ऑफिसात. पासवर्ड कंत्राटी माणसाला कोण देतो!

दसऱ्याला सकाळी आम्ही मशिनं पुजतो. सत्यवानने हौसेने सीटी स्कॅनच्या कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, वर तांब्यातलं पाणी शिंपडलं. ते नेमकं केबलच्या भोकात गेलं आणि कार्ड जळलं. मी बोलायचं ते बोललेच. त्याने दहा मिनिटांत कपाटातलं दुसरं कार्ड बसवलं.

तासाभराने रिक्षातून त्याचीच आई आली, सावित्रीकाकी. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. देवा सायबा! मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, ते पणजीचे डॉक्टर आमच्या सर्व्हरवरून चित्रं बघून सांगणार, मगच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, तेही पहिल्या काही तासांतच. रक्तस्रावात चुकून दिलं तर जीव जायचा. स्कॅन झालं, पण चित्रं जाईनात.

"बाय, नव्या कार्डाचो नंबर यादीत नाय," सत्यवान म्हणाला. "स्विच आत घेणा नाय."

"मग घाल रे मेल्या यादीत!"

"माझ्या हातात नाय गो! मुंबयक फोन करतंय, सुट्टी आसा, कोण उचलणा नाय."

तो जमिनीवर बसून रडत पुन्हा पुन्हा फोन लावत होता. मी मोबाईलवर पडद्याचे फोटो काढून पाठवले. पणजीचे डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून इंजेक्शन द्या असं मी सांगणार नाही. शेवटी ॲम्ब्युलन्स काढली. पणजीला पोचेपर्यंत इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. गुठळीच निघाली.

दुसऱ्या दिवशी मुंबईचा मेल आला, नंबर नोंदवला म्हणून. मला तो कॉम्प्युटर उचलून समुद्रात फेकावासा वाटला.

काकी वाचली, वाचा गेली. रविवारी मी त्यांच्याकडे जाते. सत्यवान तिला पेज भरवत असतो.

"आये, माझ्यार रागावलंस काय गो?" तो दर घासाला विचारतो.

ती ओठ हलवते, खूप धडपडते. काय म्हणते ते त्याला कळत नाही.