दस्त्यावरचा खळगा

इफ्राइम टॉलीने ‘अ‍ॅन्व्हिल’ पबमधल्या बंदुकीचा मुका घेतला, ही बातमी रविवारी चर्च सुटायच्या आत आमच्या गल्लीभर झाली. बेकरीवाल्या डोरीनने खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे. डोरीनचा चष्मा मात्र त्या दिवशी दुरुस्तीला होता. मुकाबिका काही नव्हता. त्याने नुसता गाल टेकला होता, डावा. फक्त तो पाव तास टेकून ठेवला, एवढीच काय ती चूक.

इफ्राइम पासष्टीचा, बिनलग्नाचा, कुलपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. ज्या खोलीत लोक चिनी मातीच्या बशा मांडतात, तिथे त्याच्या छर्‍याच्या जुन्या बावीस बंदुका, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली सालाची चिठ्ठी. बंदूक उलटी करून तो आधी नंबर बघायचा, मग नळीवरची अक्षरं, मग खटक्याची घडण. नंबर नसेल तर साल सांगायचाच नाही. त्याचं स्वतःचं वय विचारलं तरी दाखला काढून बघेल, असा गृहस्थ! पण नवी बंदूक घरात आली की नंबराच्याही आधी तो दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाला, गाल लावायचा, डोळे मिटायचा, आणि चहा गार होईपर्यंत तसाच.

का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे वडील जोसाया ‘अ‍ॅन्व्हिल’च्या संघातले नेमबाज. खेळ असा: पत्र्याला वाटाण्याएवढं भोक, भोकामागे घंटा, आणि वाजली तर गुण. इफ्राइम पाच वर्षांचा असताना ते पहिल्या लढाईवर, म्हणजे चौदा सालच्या महायुद्धावर, गेले आणि परतले नाहीत. घरात फोटोसुद्धा नाही. आई सांगायची, डावरे होते. त्याला स्वतःला आठवायचा तो जवसाच्या तेलाचा वास, एका खांद्यावरची ऊब, आणि कुठूनतरी लांबून आल्यासारखा तो ‘टिंग’. त्या आवाजाच्या मागेमागे बाप्या बावीस बंदुका जमवत गेला.

‘अ‍ॅन्व्हिल’ची बंदूक तिथे टांगलेलीच होती. पण प्रत्येक मालकाने चषकाच्या सामन्याआधी ती सँडपेपरने घासून घासून अशी चकचकीत केली होती, की नंबर, अक्षरं, सगळं गुळगुळीत. दस्त्यावर चामड्याची खोळ शिवलेली. इफ्राइमच्या लेखी ती बिनवयाची.

शनिवारी दुपारी मालकीणबाई ग्वेंडाने जाहीर केलं, “संघ बंद. जो ही पहिल्या लढाईच्या आधीची आहे असं पटवून देईल, त्याने घेऊन जावी.”

सेप्टिमस रेबोल्ड, इफ्राइमचा शाळेपासूनचा वैरी आणि दुसरा संग्राहक, भिंग घेऊनच आला होता. “खटका बघा. एकोणीसशे नऊ. पैजेवर सांगतो.”

“खटका बदलता येतो, लेका,” इफ्राइम म्हणाला.

“मग तू सांग साल!”

“नाही सांगता येत. नंबर कुठाय?”

बंदूक हातची चालली होती, तरी स्वारी खोटं बोलेना. इतक्यात ग्वेंडाने खोळीची शिवण उसवली. “ही माझ्या आजोबांनी लढाईवरून आल्याआल्या चढवली होती. तेव्हापासून काढलेली नाही.”

खाली अक्रोडाचं काळसर लाकूड. इफ्राइमने बोट फिरवलं. डावी बाजू जशीच्या तशी. उजव्या बाजूला मात्र, बंदूक डाव्या खांद्याला लावली की जिथे गाल टेकतो तिथेच, उथळसा खळगा, बशीसारखा, गालाने झिजून झिजून झालेला.

त्याने बंदूक डाव्या खांद्याला लावली, गाल टेकला आणि डोळे मिटले. कुणीतरी चीज-कांद्याचा पाव चावता चावता थांबलं. आमच्याकडे नेम धरलेला असताना बोलत नाहीत. आणि नेम कसला, घंटा तर केव्हाचीच काढून ठेवलेली. पण इफ्राइमच्या कानात ती वाजली असावी, कारण तो हसला. डोरीन नेमकी तेव्हाच खिडकीवरून गेली.

पाव तासाने तो म्हणाला, “साल नाही माहीत. पण हे लाकूड खोळीच्या आधी झिजलंय, आणि असं झिजायला वर्षं लागतात. लढाईच्या आधीची आहे. आणि मारणारा डावरा होता.”

ग्वेंडाने खोळीची घडी केली आणि बंदुकीसकट त्याच्या हातात दिली. “घरी न्या, इफ्राइम. आणि हिच्या चिठ्ठीवर काय लिहिणार?”

“काहीच नाही.”

रेबोल्डने भिंग खिशात कोंबलं. “डावरे काय जगात एकटे तुझेच वडील होते? भोळसट म्हातारा! दस्त्याला गाल लावून बाप सापडतो होय रे?”

इफ्राइम म्हणाला, “नसेल सापडत. पण माझा गाल त्यात बसतो. तुझा बसवून बघ.”