मनगटावरचा ठिपका

शुक्रवार पेठेत माझं सौंदर्यप्रसाधनांचं दुकान होतं, तेव्हा मेंदी काढणाऱ्या एक भाभी नेहमी दुपारच्या यायच्या. कोन उघडून आधी स्वतःच्या मनगटावर ठिपका द्यायच्या आणि तो वाळेपर्यंत स्टुलावर बसून राहायच्या. वास पटला नाही तर म्हणायच्या, "भाऊ, ही मेंदी हाय का रॉकेल? नवरीच्या हाताला लावायचीय की." अजून कुठं मेंदीचा वास आला, की मला त्या दुपारी आठवतात.

मग घरच्या घरी लावायच्या जेल नेलपॉलिशचे सेट आले, पॉलिश सुकवायच्या छोट्या दिव्यासकट. मीच त्यांना एक दिला. सवयीनं त्यांनी आधी स्वतःच्या नखांना लावलं. तिसऱ्या खेपेला बोटांची टोकं लाल झाली, खाजून खाजून कातडी फाटली. "लई आग होते, भाऊ. ह्या जेलनं तर नसंल?"

"भांड्यांच्या साबणानं असेल," मी म्हणालो. "लावत राहा." त्या लावत राहिल्या.

पुढं डॉक्टरांनी जेलचीच ॲलर्जी सांगितली. तोवर कोन दाबला तरी बोटांतून रक्त येत होतं. ऐन लग्नसराईत मेंदी बंद पडली. एक दिवस त्या दुकानात आल्या. मला वाटलं, भांडतील. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पोरीला हे लावू देऊ नका हां."

मी मान डोलावली. आज सांगून टाकतो. तशीच बोटं मी भाभींच्या आधी दोन गिऱ्हाइकांची पाहिली होती, आणि दुसरीची पाहिली त्याच दिवशी घरी जाऊन पोरीला मनाई केली होती.