पहारीला लावलेली पट्टी

गवताचा भारा घेऊन उतरताना पडले आणि माझा उजवा खांदा निखळला. तेव्हापासून कुदळ डोक्यावर उचलता येत नाही. उमरठच्या वरच्या आमच्या वाडीत करांद्यांचे कंद काढायचे म्हणजे हातभर खणावं लागतं, दगड निघतात ते वेगळेच. खणत नाही ती बसून खाते. असं घरात कुणी बोललं नव्हतं, पण मला जेवताना ते जाणवायचं.

एकदा मनात आलं, हात चालत नाही, पाय तर चालतो. पहारीला टोकापासून वीतभर वर आडवी पट्टी लावली तर पायाने दाबून ती जमिनीत घालता येईल. हे मी फक्त थोरल्या जावेला सांगितलं. पोलादपूरला वेल्डिंगवाल्यापुढे माझं तोंड उघडेना, म्हणून तीच बोलली.

"वैनी, पहारीला पायरी? माळ्यावर चढायचंय काय?" तो हसला.

"तू ये करांदे काढायला, मग सांगते कुठं चढायचं ते!"

त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी त्याच पहारीने करांदे काढले. जावेची कंबर दुखायची, त्यामुळे माझ्यापेक्षा तीच ती जास्त वापरायची. "डोकं हाय गो तुला," म्हणायची.

पुढच्या दसऱ्याला कोयते, कुदळी, विळे धुऊन ओटीवर मांडले. सासूबाई हळदकुंकू वाहत पहारीपाशी आल्या आणि थांबल्या.

"ही पट्टी कसली?"

मी जावेकडे पाहिलं.

"पाय ठेवायला," ती म्हणाली. "मी सांगितलेलं हिला, लोखंडाला पाय लावू नको. ऐकते कुठं?"

"ज्याची पूजा करायची त्यालाच लाथ?" सासूबाईंनी पहार रांगेतून काढून अंगणात ठेवली.

हिनेही पाय लावलाय, एवढंच मला म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या मालकांनी पहार नेऊन तिची पट्टी कापून आणली.

भांडी घासताना जाऊ हळूच म्हणाली, "काय करू गो, आईंच्या समोर तोंडातून निघून गेलं." मी घासत राहिले.

आता करांदे ती आणि थोरले दीर काढतात. मी माती झाडून टोपलीत भरते. चूल एकच आहे, आम्ही एकमेकींना वाढतो. परवा कोयत्याची मूठ हाताला बोचली तेव्हा वाटलं, तिला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी. जाऊ शेजारीच वाल सोलत बसली होती. मी बोलले नाही. ट्यूबही गुंडाळली नाही.